गुंफाक्काच्या डावात लिंबूटिंबू नव्हतं

गुंफाक्काला शिट्टी वाजवता येत नव्हती. समोरचे दोन दात पडलेले, फुंकर मारली की नुसती हवा जायची. म्हणून डाव सुरू करायचा असला की ती पायातल्या चपला काढायची आणि एकमेकींवर फाडकन आपटायची. एकदा आपटल्या म्हणजे सुरू. दोनदा आपटल्या म्हणजे लोण झालं. आणि डाव पहिल्यापासून लावायचा असला की चपला खाली ठेवून उजव्या हाताचं एक बोट वर धरायची आणि हवेत गोल फिरवायची, जातं ओढल्यासारखं. "परत लाव" असं तोंडानेही म्हणायची, पण बोट आधी फिरायचं.

हे सगळं विंचूरच्या एका कांद्याच्या शेडमध्ये चालायचं. आम्ही वीस-बावीस बाया तिथे कांदा निवडायला. मोठा एकीकडे, गोल्टी एकीकडे, अगदी बारकी चिंगळी तिसरीकडे. दुपारी जेवायला अर्धा तास सुट्टी. त्यातली दहा मिनिटं जेवण आणि उरलेली वीस मिनिटं आट्यापाट्या. बाहेर सिमेंटचा लांबलचक ओटा होता, कांदा पसरायचा. गुंफाक्का विटेच्या तुकड्याने त्यावर आडव्या रेघा ओढायची. खऱ्या खेळात नऊ पाट्या आणि मधून एक उभी असते म्हणे, पण आमचा ओटा अरुंद, त्यावर पाचच बसायच्या. प्रत्येक पाटीवर एक बाई पहारा करणार. तिने पाटीवरचा पाय सोडायचा नाही. समोरच्या बायांनी हुलकावणी देत एकेक पाटी ओलांडायची, पाचवी झाली की उलट फिरायचं आणि तशाच पाचही ओलांडून परत यायचं. परत आली की लोण. मध्ये हात लागला की बाद. संध्याकाळी त्याच ओट्यावर कांदा पसरला जायचा आणि रेघा पुसल्या जायच्या. दुसऱ्या दिवशी आक्का पुन्हा विटेचा तुकडा शोधायची.

तिचं गाव चांदवडच्या बाजूला. साठीला आलेली. उजवा गुडघा पार गेलेला, म्हणून ती खेळायची नाही, उपड्या प्लास्टिकच्या कॅरेटवर बसून डाव चालवायची. पदराच्या गाठीत कायम गुळाचा खडा. शेठ असो, ट्रकवाला असो, बोलताना ती त्याच्या तोंडाकडे न बघता पायाकडे बघायची. मला वाटायचं हिला कमी दिसतं. पुढे कळलं, ही सवय होती.

मी किनवटकडची. सातवीत शाळा सुटली. वरचे वर्ग दुसऱ्या गावात, वाट जंगलातली, आणि सोबतीच्या दोघी गळाल्या तशी मीही गळाले. कुणी काढलं नाही मला, मीच भ्याले. लग्नानंतर नवऱ्याला इथल्या वाइन पार्कातल्या कारखान्यात काम लागलं आणि आम्ही इतक्या लांब आलो. माझा स्वभाव पहिल्यापासून धास्तीचा. कुलूप लावून निघाले तरी तीनदा मागे जाऊन ओढून बघणार. शेडमध्ये लागले तेव्हा आठवडाभर मी कुणाशी बोलले नव्हते, कारण माझी बोली ऐकून बाया हसतील असं वाटायचं. त्या हसल्याही. पण ते नंतर.

मला पहिल्यांदा डावात ओढलं तेव्हा मीरा नावाची एक धडधाकट बाई गट पाडत होती. शेडमधली सगळ्यांत चपळ, तोंडाचीही आणि पायाचीही. तिने कांदा निवडावा तशा बाया निवडल्या. "ही मोठ्यात. ही मोठ्यात. ही गोल्टी. आणि ही चिंगळी." शेवटची मी. सगळ्या खदाखदा हसल्या, मीपण हसले, हसण्यावाचून काय करणार.

गुंफाक्का कॅरेटवरून म्हणाली, "मीरे, चाळणी तिकडं शेडात ठिऊन ये."

"अगं आक्का, गंमत केली."

"गंमतच सांगती. तुझ्यासारख्या पाच एकीकडं झाल्या तर डाव दोन मिन्टात संपल. मग राहिलेली अठरा मिन्टं काय माझं तोंड बघशीन?"

तिने गट मोडले. मीरा एकीकडे, तर तिच्याच तोडीची शोभा दुसरीकडे. मला मीराच्या समोरच्या गटात टाकलं. आणि मीराला जास्तीची अट घातली, की पहारा करताना डावा हात कमरेवर ठेवायचा, पकडायचं ते उजव्यानंच. मीरा कुरकुरली. पण मी बघितलं, त्या दिवशी एका हाताने खेळताना तिच्या चेहऱ्यावर जो रंग होता, तो दोन हातांनी सगळ्यांना सटासट बाद करताना नव्हता.

माझं मात्र रोज तेच. पहिल्या पाटीशी जायचं, आणि बाद. बायांना दया आली असणार. एके दिवशी मी निघाले तर पहिल्या पाटीवरची मीरा दुसरीकडेच बघत होती. गेले. दुसऱ्या पाटीवरच्या बाईने हात केला, पण वीतभर लांबून. तिसरी, चौथी, पाचवी. फिरले. परत आले. पाचही. आयुष्यातलं माझं पहिलं लोण. मी दोन्ही हात वर करून उभी, बाया टाळ्या वाजवतायत, आणि मी चपलांचे दोन आवाज ऐकायला गुंफाक्काकडे बघतेय.

चपला वाजल्या नाहीत. बोट वर गेलं आणि गोल फिरलं.

"का गं आक्का," मीरा म्हणाली, "झालं की तिचं लोण."

"हिला कुनी धरायलाच गेलं नाय. मग हिनं वलांडलं काय? सिमीट?"

"एवढ्यानं काय होतं? नवीन हे ती. लिंबूटिंबू."

"माझ्या डावात लिंबूटिंबू नाय."

लिंबूटिंबू म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडे त्याला दूधभात म्हणतात. खेळात घ्यायचं, पण धरायचं नाही. बाद झालं तरी बाद नाही, जिंकलं तरी जिंकलं नाही. लहानपणी मी कायम दूधभात होते. मी उठले आणि गोण्यांच्या थप्पीमागे जाऊन रडले. मला आक्काचाच राग आला होता. एवढं मोठं सुख हातात आलं होतं, म्हातारीने बोट फिरवून पुसून टाकलं.

ती लंगडत आली. पदराची गाठ सोडून गुळाचा खडा पुढे केला.

"खा. ए किनवट, खा म्हनते ना."

"सगळ्या टाळ्या वाजवत होत्या, आक्का. तुमचं काय जात होतं?"

"माझं काय जाणार. तुझंच गेलं असतं. उद्या खरं लोण केलं असतंस तर तुला तरी कसं कळलं असतं, खरं कोनतं न् दयेचं कोनतं?"

मी तिच्या हातातला खडा घेतला.

"त्या बायांनी तुला वाईट नाय केलं. लाड केला. पन लाड घरी करावा, पाटीवर नाय. मी त्यांना बजावलंय, उद्यापासून हिला मीरासारखीच धरा. आता तू ठरव, यायचं का नाय."

गेले. पुढे कितीतरी दिवस रोज बाद झाले. पण त्यात फरक होता. एक दिवस मीरा माझ्यासाठी अक्षरशः आडवी झाली. सिमेंटवर कोपर खरचटलं तिचं, पण मला तिने धरलंच. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला फोन लावला. म्हटलं, "माय, आज मले मीरानं खरंच धरलं." आई घाबरली. "कोन मीरा? काऊन धरलं? मारलं का तुले?" मला सांगता येईना की ही आनंदाची बातमी आहे.

मग आक्काने मला कॅरेटशेजारी बसवून शिकवलं. म्हणाली, "तू तोंडाकडं बघती. तोंडाला खोटं बोलता येतं. टाचंकडं बघ. जिची टाच वर, ती निघाली. जिची खाली, ती नुसतं दाखवती." आणि एकदा म्हणाली, "कांदा निवडताना डोळं मिटून तुला कळतं ना, कोनता आतून मऊ हे? हातात आला की कळतं. तसंच ए. लय इचार करू नको." मी डोळे मिटून कांदा निवडते हे मलाच माहीत नव्हतं. तिने बघितलं होतं.

ज्या दिवशी मी खरं लोण केलं, त्या दिवशी पहिल्या पाटीवर मीराच होती, आणि हात कमरेवर ठेवायची अट मी स्वतः तिला सोडायला लावली होती. दोन्ही हातांनिशी ती पाटीवर पसरलेली. मी डावीकडे झुकले, तिची टाच उठली, मी उजवीकडून गेले. परतीलाही तीच. तेव्हा कशी गेले ते आठवत नाही. आठवतात त्या चपला. फाड, फाड. मीराने पाटीवरूनच मला एक शिवी हासडली आणि मग उचलून गरकन फिरवलं.

दसऱ्याला मात्र एक गंमत झाली. आमचा शेठ माणूस चांगला. दुपारी खुर्ची टाकून डाव बघायचा. त्याला वाटलं बायांना प्रोत्साहन द्यावं. त्याने पाच लिटरचा चकचकीत कुकर आणून टेबलावर ठेवला. जिंकणाऱ्या गटातली जी सगळ्यांत जास्त लोणं करेल तिला कुकर.

त्या दिवशी आमचा ओटा ओळखू येईना. रोज हुलकावणी बघायला थांबणाऱ्या बाया आता एकमेकींच्या पाटीवरचे पाय बघायला लागल्या. "पाय सुटला तुझा." "तुझ्या आईचा सुटला." शोभाला हात लागला होता, तरी ती म्हणाली लागलाच नाही. आणि दोन्ही गटांनी आपापल्या कच्च्या बाया बसवून ठेवल्या. मीही बसले होते. कुणाला बसवायचं ते मीराने ठरवलं नव्हतं, सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. तेच मला जास्त लागलं.

गुंफाक्का उठली. टेबलापर्यंत लंगडत गेली, कुकर काखेत मारला आणि परत येऊन कॅरेटवर बसली, कुकर मांडीवर घेऊन. "डाव मोडला," म्हणाली.

शेठ हसत म्हणाला, "काय गं आक्का, बक्षीस ठेवलं म्हणजे खेळायला जोर येतो ना."

"शेठ, जोर आला, खेळ गेला. इतके दिस ह्या बाया कशासाठी पळत होत्या? इचारा."

शेठने मीराला विचारलं. मीराला सांगता येईना. "असंच," म्हणाली. "मजा येते."

"आता बघा," गुंफाक्का म्हणाली, "उद्या कुकर नसला तर कुनी उठती का."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी कुणी उठलं नाही. जेवून सगळ्या सावलीला बसल्या, मोबाइल काढले. आक्काने रेघाही ओढल्या नाहीत. काम सुटल्यावर तिने तीन विटा मांडून चूल पेटवली. त्याच कुकरमध्ये तिने सगळ्यांना पुरेल अशी खिचडी दोनदा लावली. भांडलेल्या बायांना शेजारी शेजारी बसवून वाढली. कुकर तेव्हापासून शेडचाच झाला. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मीरा थोडी चुळबुळ करत राहिली, मग उठली, विटेचा तुकडा शोधला आणि कुणाकडे न बघता रेघा ओढायला लागली. तिच्या रेघा वाकड्या आल्या. आक्काने त्या तशाच ठेवल्या. नुसत्या चपला काढून हातात घेतल्या.

एका दुपारी मी तिला विचारलं, तुम्ही हा खेळ कुठे शिकलात. म्हणाली, गावच्या शाळेत. तेरा वर्षांची होती. शाळेच्या मैदानात डाव रंगला होता. ती सगळ्या पाट्या ओलांडून फिरली होती, परत येत होती, एकच पाटी राहिली होती. तेवढ्यात वडील मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले. पाहुणे बघायला आले होते.

"बा म्हनला, चल. मी म्हनलं, एक पाटी राह्यली. तो म्हनला, चल. झालं. त्यानंतर शाळा नाय न् पाटी नाय."

"म्हणजे लोण राहिलं."

"लोणाचं काय एवढं. हरले असते तरी चाललं असतं. पन ना हरले, ना जितले. मधेच उभी हे मी अजून तिथं." गूळ तोंडात टाकून म्हणाली, "गंमत सांगते. रात्री डोळं मिटलं ना, त्या पाटीवरच्या पोरीची टाच दिसती अजून."

गेल्या वर्षी कांदा संपत आला तेव्हा तिच्या मुलाने निरोप धाडला. तो पुण्याला असतो. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, मग कायमची त्याच्याकडेच राहणार. शेडमधला शेवटचा दिवस. बायांनी साडी आणलेली, शेठने शाल. आक्काने दोन्ही बाजूला ठेवलं आणि कॅरेटवरून उठून साडीचा काष्टा मारायला लागली.

"आक्का, काय करता?"

"लाव डाव. आज मी जाणार."

कुणी हसेना. मीरा म्हणाली, "अगं गुडघ्याचा पार भुगा झालाय तुझा. उद्या डाक्टरला काय दावशीन?"

"तू पाटी धर."

शेठही उठून उभा राहिला, पण तिला अडवायची छाती कुणाची. पाच पाट्यांवर पाच जणी कोण, ते तिनेच ठरवलं. पाचवीवर मीरा. दुसरी, तिसरी, चौथीवर इतर तिघी. आणि पहिल्या पाटीवर मी. माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. पहिली पाटी जातानाची पहिली, पण परत येताना तीच शेवटची. तिची राहिलेली पाटी मला दिली होती.

चपला तिने माझ्याच हातात दिल्या. मी आपटल्या, कडेला टाकल्या आणि पाटीवर उभी राहिले.

ती आली. हळूच. बारीक पावलं टाकत. मी टाचेकडे बघत होते. आणि माझ्यापासून दोन हातांवर असताना तिचा उजवा गुडघा दुमडला, ती कळवळली, "आई गं." माझा हात तिला सावरायला पुढे गेला. तेवढ्यात ती डाव्या पायावर वळून माझ्या बगलेतून पलीकडे. मागे वळून म्हणाली, "दया आली का गं, किनवट?"

बाया हसून हसून वाकल्या.

पुढच्या तिघींना तिने कसं चुकवलं ते मी पाठमोरी मान वळवून बघत होते. वेग नव्हताच. ती नुसती उभी राहायची, खांदा हलवायची, डोळ्यांनी एकीकडे दाखवायची आणि समोरची बाई स्वतःच फसायची. मीरा जीव खाऊन खेळली, दोनदा तिच्या पदरापर्यंत हात नेला. तरी गेली. फिरली. पाचवी, चौथी, तिसरी, दुसरी. आता ती धापा टाकत होती आणि समोर मी.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "जाऊ दे गं तिला." आवाज शोभाचा असावा. माझ्याही मनात तेच होतं. या बाईने मला परक्या मुलखात माणसांत आणलं. तिची एक पाटी पंचेचाळीस वर्षं राहिलेली. मी वीतभर हात आखडला असता तर कुणाला कळलं नसतं.

तिला कळलं असतं.

ती आली. उजवीकडे झुकली. टाच खाली होती, मी हलले नाही. डावीकडे झुकली. मग गुडघा दुमडला. तसाच, पहिल्यासारखा. तिचं तोंडही तसंच वेडंवाकडं झालं. या खेपेला खरंच होतं की हूल, मला आजतागायत माहीत नाही. मी तोंडाकडे बघितलंच नाही. डावी टाच उठलेली दिसली आणि मी त्या बाजूला अंग झोकलं. माझा हात तिच्या पाठीवर बसला, थाप असा आवाज आला.

ती खाली बसली. पाटीच्या अलीकडे, एक पाऊल. मला वाटलं जमीन दुभंगावी. मग तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरून वाकले, तर म्हातारी हसत होती. डोळ्यांतून पाणी, आणि पुढचे दोन दात नसलेलं तोंड उघडं.

"बाद झाले," म्हणाली. "मीरे, बघितलं का? चांगली रीतसर बाद झाले मी." बायांकडे वळून परत एकदा म्हणाली, "ह्या टायमाला मला कुनी बोलवून नेलं नाय."

तेव्हा मीराने कडेच्या चपला उचलल्या आणि वाजवायला लागली. किती आवाज म्हणजे काय, हा हिशेब राहिला नाही. बावीस बायांनी आपापल्या चपला काढल्या. शेठ टाळ्या वाजवत होता. आक्का सिमेंटवर फतकल मारून बसलेली, मिरवणुकीतल्या माणसासारखी सगळ्यांकडे बघत.

गुडघा खरंच दुखला होता का, हे मी तिला बसमध्ये विचारलं. तिला नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत पोचवायला मीच निघाले होते. म्हणाली, "ते मी सांगायची नाय. सांगितलं तर पुढच्या टायमाला तू फसायची नाय."

द्वारकेला उतरलो तर मुलाचा फोन. गाडी रस्त्याच्या पलीकडे लावली आहे, तुमच्या बाजूला गाडी थांबू देत नाहीत, तिथेच थांबा, मी घ्यायला येतो. आक्काने फोन माझ्याकडे दिला आणि पिशवी खांद्यावर टाकली. समोरून रिक्षा, ट्रक, मोटरसायकली, सगळं एकदम. मला रस्ता ओलांडायची अजून भीती वाटते. माझा हात तिच्या दंडाकडे गेला. तिने माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या पायांकडे. मी हात मागे घेतला.

पोलिसाने हात केला, गाड्या थांबल्या तशी ती निघाली. एक रांग ओलांडून थांबली. एक रिक्षावाला पुढे रेटत होता, त्याच्या चाकाकडे बघत उभी राहिली, आणि त्याने ब्रेक मारताच पुढे सटकली. लंगडत, पण कुणाचा हात न धरता. पलीकडे मुलगा धावत आला, आईला रागावत असावा, ऐकू येत नव्हतं. तिने पिशवी त्याच्या हातात दिली आणि वळली.

आमच्या मधून पुन्हा गाड्या सुरू झाल्या होत्या. त्यांच्या टपांवरून मला फक्त तिचा उजवा हात दिसत होता. एक बोट वर, आणि ते गोल गोल फिरत होतं.